फोटोओळ दिलेली असताना ऑल्ट मजकूर वेगळा लिहावा लागतो का?

प्रश्न : पाणकाठ

नमस्कार. मी आणि माझे चार सहकारी मिळून पक्षिनिरीक्षणाचे एक छोटे मराठी संकेतस्थळ चालवतो. त्यावर आजवर ३४० छायाचित्रे चढवली आहेत आणि प्रत्येकाखाली फोटोओळ न चुकता दिलेली आहे. तीत पक्ष्याचे नाव, नर की मादी, दिनांक आणि छायाचित्रकाराचे नाव असते. ऑल्ट मजकुराचा, म्हणजे चित्र दिसत नसेल तेव्हा त्याऐवजी वाचल्या जाणाऱ्या मजकुराचा, रकाना मात्र बरीच वर्षे रिकामा राहिला होता. गेल्या महिन्यात तो भरायला घेतला, तेव्हा वेळ वाचावा म्हणून प्रत्येक फोटोओळ जशीच्या तशी तिथे चिकटवली आणि काम संपले असे धरून चाललो.

आठवड्याभरात एका वाचकाचे पत्र आले. ते दृष्टिहीन असून आमचे लेख स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने ऐकतात. त्यांनी फार सौम्यपणे कळवले की आता प्रत्येक ओळ दोनदा कानी पडते, आणि दोनदा ऐकूनही पक्षी दिसतो कसा हे काही कळत नाही. पत्र वाचून मला मनापासून वाईट वाटले, कारण ज्यांच्यासाठी हे काम केले त्यांचाच त्रास आम्ही वाढवला होता.

एक नमुना देतो. एका छायाचित्राखाली ‘कवड्या धीवर, नर’ आणि पुढे दिनांक व छायाचित्रकाराचे नाव अशी ओळ आहे, आणि ऑल्टमध्येही तीच आहे. आता ऑल्टमध्ये नेमके काय लिहावे? फोटोओळ पुरेशी असेल तर तो रकाना रिकामा ठेवणेच बरे नाही का? आणि लिहायचेच असेल, तर किती लांब लिहावे?

उत्तर : जाळेविणकर

फोटोओळ आणि ऑल्ट मजकूर ही दोन वेगळी कामे आहेत, आणि गोंधळ होतो तो दोन्ही रकाने शेजारीशेजारी असल्यामुळे. फोटोओळ सर्वांसाठी असते. चित्र पाहणाऱ्यालाही जे चित्रातून कळणार नाही, म्हणजे नाव, दिनांक, श्रेय, प्रसंग, ते ती सांगते. ऑल्ट मजकूर चित्राच्या जागी उभा राहतो. चित्र दिसत नसेल, मग ते डोळ्यांमुळे असो, संथ जोडणीमुळे असो की फाइल हरवल्यामुळे, तर त्या जागी जे कळायला हवे होते ते त्याने सांगायचे असते. डोळस वाचक तुमचे छायाचित्र पाहतो तेव्हा त्याला दिनांक दिसत नाही, पक्षी दिसतो. म्हणून ऑल्टमध्ये पक्षी यायला हवा.

ही सोय नवी नाही. एचटीएमएल म्हणजे संकेतस्थळाची पाने लिहिण्याची भाषा. तिच्या १९९५ च्या २.० आवृत्तीत ऑल्ट होतेच, आणि १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने ते प्रत्येक चित्राला सक्तीचे केले. फोटोओळीला स्वतःचा टॅग, म्हणजे त्या भाषेतली खूण, मिळाला तो बराच नंतर, २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये, फिगर आणि फिगकॅप्शन या जोडीच्या रूपाने. या जोडीमुळे अमुक ओळ अमुक चित्राची आहे हे ब्राउझरला समजते. तुमची फोटोओळ नुसता साधा परिच्छेद म्हणून चित्राखाली टाकलेली असेल, तर ती आधी या जोडीत बसवून घ्या.

आता ‘रिकामे ठेवू का’ या प्रश्नाकडे येतो, कारण तिथे एक बारकावा आहे. ऑल्ट रिकामे ठेवणे आणि ऑल्ट अजिबात न देणे यांत मोठा फरक आहे. ऑल्ट लिहून त्यापुढे दोन अवतरणचिन्हे दिली आणि मध्ये काही ठेवले नाही, तर त्याचा अर्थ ‘हे चित्र केवळ सजावटीचे आहे, ते वगळावे’ असा होतो आणि स्क्रीन रीडर शांतपणे पुढे जातो. ऑल्टच नसेल, तर चित्र महत्त्वाचे आहे की नाही हे त्याला ठरवता येत नाही, आणि कित्येकदा तो फाइलचे नाव वाचू लागतो. तुमच्या नराच्या छायाचित्राला रिकामे ऑल्ट दिले, तर पक्ष्यांच्या संकेतस्थळावर पक्ष्याचेच चित्र सजावटीचे ठरवल्यासारखे होईल.

पण तेच छायाचित्र दुसऱ्या जागी खरोखर सजावटीचे असू शकते, आणि या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. ऑल्ट मजकूर चित्राचा नसतो, त्या पानावरच्या त्या चित्राचा असतो. कवड्या धीवराचा हाच फोटो चार ठिकाणी वापरला आहे असे समजा. पक्षी ओळखण्याच्या पानावर ऑल्ट असे होईल : ‘खडकावर बसलेला काळा-पांढरा कवड्या धीवर. पांढऱ्या छातीवर दोन काळे पट्टे आहेत, वरचा रुंद आणि खालचा बारीक.’ मादीच्या छातीवर एकच पट्टा असतो आणि तो बहुधा मध्ये तुटलेला असतो, त्यामुळे नर कशावरून ओळखला हे वाचकाला या दोन वाक्यांतून समजते. छायाचित्रणाच्या लेखात याच फोटोचे ऑल्ट वेगळे होईल : ‘धीवराच्या डोळ्यावर नेमका फोकस असून मागचे पाणी पूर्ण धूसर झाले आहे.’ तिथे पट्टे मोजण्याचे कारण नाही. मुख्य पानावर हा फोटो छायाचित्रसंग्रहाकडे नेणारा दुवा असेल, तर ऑल्टमध्ये धीवराचा उल्लेखही नको, ‘छायाचित्रसंग्रह’ एवढेच हवे, कारण दाबल्यावर कुठे पोहोचणार हे ऐकणाऱ्याला कळले पाहिजे. आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर शोभेची पट्टी म्हणून तो लावला असेल, तर ऑल्ट खुशाल रिकामे ठेवा.

लांबीला एचटीएमएलमध्ये कुठलीही मर्यादा घातलेली नाही. एक-दोन वाक्ये बहुतेकदा पुरतात. त्याहून जास्त लागत असेल, तर तो मजकूर सर्वांना दिसेल असा लेखात घालावा.

उत्तर : ऐकतवाचतो

मी स्वतः दृष्टिहीन आहे आणि विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो, म्हणून दुसऱ्या टोकाकडून लिहितो.

चित्र आले की माझा स्क्रीन रीडर आधी ‘ग्राफिक’ असे स्वतःच सांगतो आणि मग ऑल्ट मजकूर वाचतो. त्यामुळे ‘धीवराचे छायाचित्र’, ‘चित्रात असे दिसते की’ अशी सुरुवात केली, तर मला एकच माहिती दोनदा मिळते. जिथे माध्यमालाच अर्थ आहे, म्हणजे ते रेखाचित्र आहे, नकाशा आहे किंवा जुने तैलचित्र आहे, तिथे मात्र तसे जरूर सांगावे.

चित्रावर दुवा असेल आणि ऑल्ट नसेल तेव्हा काय ऐकू येते तेही सांगतो, कारण डोळस माणसाला याची कल्पना सहसा नसते. ‘डीएससी अंडरस्कोर शून्य चार एक सात’ असे काहीतरी कानावर पडते, नाहीतर दुव्याच्या पत्त्याचे तुकडे वाचले जातात. एका पानावर अशी वीस चित्रे असली, तर वीस वेळा ते आकडे ऐकावे लागतात, आणि त्यांतला कुठला दुवा मला हवा आहे हे तरीही समजत नाही. मी अशी पाने अर्ध्यावर सोडून देतो.

रंगांबद्दल बहुतेक जण संकोचतात, म्हणून ते आधीच स्पष्ट करतो. रंग अवश्य लिहा. आमच्यापैकी अनेकांची दृष्टी मोठेपणी गेलेली असते आणि रंग आठवणीत असतात. काहींना थोडे दिसते आणि वर्णन ऐकून ते उरलेल्या नजरेने पडताळता येते. आणि जन्मापासून न पाहिलेल्या माणसालाही निळा पक्षी कोणता आणि तपकिरी कोणता हे जाणून घ्यायचे असते, कारण सोबतच्या लोकांशी त्याला त्याच पक्ष्याविषयी बोलायचे असते. पक्ष्यांच्या पानावर रंग गाळणे म्हणजे विषयच गाळणे होय.

भाषेची एक गोष्ट मराठी संकेतस्थळांवर हमखास राहून जाते. तयार थीम घेतली की पानाची भाषा बऱ्याचदा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते. मग माझा स्क्रीन रीडर इंग्रजी आवाज लावतो, आणि त्या आवाजाला देवनागरी येत नसेल तर मजकूर गाळला तरी जातो किंवा त्याचा उच्चार पार बिघडतो. ऑल्ट कितीही मेहनतीने लिहिले तरी ते पोहोचतच नाही. पानाच्या मूळ टॅगमध्ये लँग या गुणधर्मापुढे मराठीचा ‘एमआर’ हा संकेत आहे ना, हे एकदा तपासावे. तसेच मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधून उचललेला मजकूर पडद्यावर ठीक दिसला तरी आतली अक्षरे रोमन असतात आणि माझ्यापर्यंत निव्वळ खडखडाट येतो.

शेवटी पूर्णविराम द्यायला विसरू नका. तो नसेल तर ऑल्ट आणि पुढची फोटोओळ एका श्वासात जोडून वाचली जातात आणि दोन्हींचा अर्थ एकमेकांत मिसळतो.

पुढील प्रश्न : पाणकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पानाची भाषा आत्ताच तपासली आणि ती खरोखरच इंग्रजी म्हणून नोंदलेली होती. इतकी वर्षे आमचे सगळे लेख चुकीच्या आवाजात वाचले जात होते, हे समजल्यावर पहिल्यांदा तेच दुरुस्त केले.

आता अडलेल्या तीन जागा सांगतो. आमच्याकडे ‘पक्षी ओळखा’ असे कोड्याचे पान आहे. तिथे ऑल्टमध्ये नाव लिहिले तर उत्तरच फुटते, आणि नाही लिहिले तर दृष्टिहीन वाचकाला कोडेच मिळत नाही. दुसरे, प्रत्येक महिन्यात किती नोंदी झाल्या याचा स्तंभालेख आम्ही चित्र म्हणून लावतो. तिसरे, सहलीच्या सूचना आम्ही सुंदर अक्षरांत सजवून चित्ररूपातच देतो. शिवाय आम्ही संकेतस्थळ चालवायला वर्डप्रेस ही प्रणाली वापरतो, आणि माध्यमसंग्रहात बदललेले ऑल्ट जुन्या लेखांत दिसत नाही. ते कशामुळे?

उत्तर : संपादनमेज

कोड्याचा प्रश्न फार चांगला आहे. डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुगम्यता निकषांत पहिलाच निकष, १.१.१, चित्रांना मजकुराचा पर्याय द्यावा असे सांगतो आणि चाचणीसाठी त्यात सवलतही ठेवतो. पूर्ण पर्याय दिल्याने चाचणीच निरर्थक होत असेल, तर चित्र कशाचे आहे याची निदान जुजबी ओळख द्यावी, एवढीच अपेक्षा असते. म्हणजे ‘कोडे क्रमांक ३ मधील पक्षी’ एवढे लिहूनही तुम्ही नियमात बसाल. पण तिथे थांबू नका असे मी आग्रहाने सांगेन. पक्ष्याचे नाव सोडून बाकी सारे वर्णन करता येते : ‘डोके आणि पोट तपकिरी, गळा आणि छाती पांढरीशुभ्र, पाठ आणि पंख झळझळीत निळे, चोच मोठी व लाल.’ हे ऐकून जाणकार माणूस खंड्या ओळखेल आणि कोडे त्याच्यासाठीही कोडेच राहील. फाइलच्या नावात पक्ष्याचे नाव राहिले नाही ना, तेही पाहावे, कारण उत्तर तिथूनही फुटते.

स्तंभालेखाचे सगळे आकडे ऑल्टमध्ये कोंबू नयेत. बारा महिने आणि बारा आकडे सलग ऐकताना कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, आणि स्क्रीन रीडरवर ऑल्टच्या आत टप्प्याटप्प्याने मागेपुढे जाणे सोपे नसते. ऑल्टमध्ये आलेखाचा मुख्य निष्कर्ष द्या : ‘महिनावार नोंदींचा स्तंभालेख. सर्वाधिक नोंदी जानेवारीत, सर्वांत कमी जुलैत. आकडे खालच्या तक्त्यात आहेत.’ आणि तो तक्ता चित्राखाली खरोखरीच्या तक्त्याच्या रूपात द्या. डोळस वाचकही त्याचा उपयोग करतात, कारण स्तंभाच्या उंचीवरून ४७ की ४९ हे कोणाला सांगता येते? लांब वर्णनासाठी पूर्वी लाँगडेस्क नावाचा एक गुणधर्म असे. एचटीएमएल ५ मध्ये तो बाद ठरला आहे, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकेत तो सापडला तरी वापरू नये.

सूचना चित्ररूपात देणे कृपया थांबवा. ऑल्टमध्ये पूर्ण सूचना उतरवून काम भागेल, पण ज्यांना कमी दिसते आणि जे पान मोठे करून वाचतात, त्यांच्यासमोर ती सुंदर अक्षरे धूसर होतात. शिवाय सूचनेतील दिनांक कोणाला कॉपी करता येत नाही आणि शोधयंत्रात शोधलेली सूचना सापडत नाही. सजावट पार्श्वभूमीला ठेवून शब्द खऱ्या मजकुरात लिहिता येतात.

वर्डप्रेसमध्ये चित्र लेखात घालताना माध्यमसंग्रहातले ऑल्ट त्या लेखात उतरवून घेतले जाते. नंतर संग्रहातला मजकूर बदलला तरी जुन्या लेखातली प्रत जशी होती तशीच राहते आणि लेख उघडूनच ती बदलावी लागते. ३४० छायाचित्रांच्या हिशेबाने हे कष्टाचे आहे, पण जाळेविणकर यांनी सांगितलेला प्रत्येक जागेचा वेगळा ऑल्ट यामुळेच शक्य होतो. संग्रहातल्या ‘शीर्षक’ आणि ‘वर्णन’ या रकान्यांनी ऑल्टचे काम होत नाही. माउस नेल्यावर जी छोटी चौकट उमटते, ती टचस्क्रीनवर आणि कळफलकावरून सहसा पोहोचत नाही, म्हणून तिच्यावरही विसंबू नये.

उत्तर : जाळेविणकर

दोन गोष्टींची भर घालतो. हाताने एचटीएमएल लिहीत असाल, तर ऑल्टच्या आत सरळ दुहेरी अवतरणचिन्ह वापरू नका. ब्राउझर तिथेच ऑल्ट संपले असे समजतो आणि पुढचे वाक्य कापले जाते. मी एका संपूर्ण विभागात ही चूक केली होती आणि महिनाभर ती कोणाच्या लक्षात आली नाही, कारण डोळ्यांना पान व्यवस्थितच दिसत होते.

दुसरी गोष्ट यंत्राने केलेल्या वर्णनांची. फेसबुकने २०१६ मध्ये छायाचित्रांना आपोआप वर्णन देणे सुरू केले आणि आता अशी साधने सहज मिळतात. ३४० चित्रांचा डोंगर पाहून मोह होईल, आणि कच्चा मसुदा म्हणून त्यांची मदत घ्यायला माझी हरकत नाही. पण ‘फांदीवर बसलेला पक्षी’ हे वर्णन तुमच्या प्रत्येक छायाचित्राला लागू पडेल. दोन पट्टे आहेत की एक, हे त्या पानावर का महत्त्वाचे आहे ते यंत्राला ठाऊक नसते, ते लेख लिहिणाऱ्याला ठाऊक असते. आणि पक्ष्याची ओळख चुकली तरी यंत्र तेवढ्याच ठामपणे चुकीचे नाव सांगते.

क्रम विचाराल, तर दुवा असलेली चित्रे आधी घ्या, कारण तिथे वाचकाची वाटच अडते. मग ओळखीची पाने घ्या. शोभेची चित्रे रिकामी करण्याचे काम एका संध्याकाळी उरकते. आणि आजपासून जे नवे चित्र चढेल त्याचे ऑल्ट त्याच बैठकीत लिहायचे, एवढे मात्र पाचही जणांनी आपसांत ठरवून घ्या.

पाणकाठ

काल आम्ही पाचही जण एकत्र बसलो. एकाने लेख मोठ्याने वाचायचा आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचे, अशी पद्धत ठेवली. छायाचित्र आले की वाचणाऱ्याने थांबून आपण फोनवर कोणाला सांगत आहोत असे समजून बोलायचे, आणि ते बोलणे दुसऱ्याने टिपून घ्यायचे. एका तासात २२ छायाचित्रे झाली. आमच्या सहकाऱ्याने टिटवीचे वर्णन करताना ‘डोळ्यापुढे लाल मांसल भाग असतो तो’ असे म्हटले, आणि तो भाग आमच्या मूळ लेखात कुठेच लिहिलेला नव्हता हे तेव्हा ध्यानात आले. तो आता लेखातही घातला आहे.

धीवराच्या छायाचित्राचे ऑल्ट सध्या असे आहे : ‘पाण्यातून वर आलेल्या एका काळ्या खडकावर, शेपटी किंचित उचलून, चोचीत लहानसा मासा आडवा धरलेला नर कवड्या धीवर बसला आहे. पांढऱ्या छातीवर दोन काळे पट्टे असून वरचा रुंद आणि खालचा बारीक आहे.’ फोटोओळीत नाव, दिनांक आणि श्रेय पूर्वीप्रमाणेच आहे. नाव दोन्हीकडे आले आहे, ते चालेल का?

ऐकतवाचतो

नाव दोन्हीकडे आले तरी चालेल. पूर्ण ओळ पुन्हा ऐकणे आणि एक नाव पुन्हा ऐकणे यांत फरक आहे, आणि नावामुळे ऑल्ट आणि फोटोओळ यांचा सांधा जुळतो.

शब्दांचा क्रम मात्र बदलावा असे सुचवतो. एनव्हीडीएमध्ये जी ही कळ दाबली की मी एका चित्रावरून पुढच्या चित्रावर उडी मारतो, आणि हवे ते चित्र आहे की नाही हे पहिल्या दोन-तीन शब्दांवरून ठरवतो. तुमच्या वाक्यात पाणी, खडक, शेपटी आणि मासा झाल्यावर पक्षी येतो, आणि तोवर मी पुढे गेलेला असतो. नाव आधी घ्या : ‘नर कवड्या धीवर काळ्या खडकावर बसला आहे. पांढऱ्या छातीवर दोन काळे पट्टे आहेत, वरचा रुंद आणि खालचा बारीक. चोचीत लहानसा मासा आडवा धरलेला आहे.’ शेपटीविषयी लेखात काही लिहिले असेल तरच ती ठेवा. मासा मात्र ठेवाच, तो मला आवडला.